नामा, तुझा शिवरात्रीचा वाढदिवस

नामा,

हे सांगायचं मी बावीस वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. कधी तुझी ड्युटी असायची, कधी माझं गुडघ्याचं दुखणं. मग माझी बायको गेली आणि तू तेरा दिवस, गाडी डेपोत लावली की, आमच्याकडं डबा घेऊन यायचास. तेव्हा तर तोंड उघडणं शक्यच नव्हतं. गेल्या महिन्यात तू वसमतच्या डेपोत गाडी लावलीस, नळावर तोंड धुतलंस, सावलीला टेकलास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. आता टाळायचं म्हटलं तरी समोर तू नाहीस.

तुझ्या दहाव्याला मी गावी आलो होतो. बाळापूरच्या फाट्यावरून तुझाच एक मित्र मला मोटरसायकलवर घेऊन गेला. माणसं तुझ्याबद्दल बोलत होती. नामदेवनं कधी कुणाची गाडी चुकू दिली नाही, म्हातारं माणूस दिसलं की थांबा नसला तरी थांबायचा, असं बरंच. तुझ्या गावचा एक शहाणा म्हणाला, "माणूस सरळ होता. तेवढा त्यो कॉलेजातला वयाचा घोळ सोडला, तर डाग न्हाई." दोन-तीन जणांनी माना हलवल्या. तुझी माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलावं अशी तिची नजर होती, कारण तिच्या लेखी मी तुझ्या बाजूनं उभा राहिलेला एकटा माणूस. मी उठलो आणि चप्पल शोधायला लागलो. चप्पल पायाशीच होती.

म्हणून हे लिहून काढतोय. तुझ्या नावावरचा तो डाग माझा आहे.

जे तुला ओळखत नाहीत त्यांना एवढं सांगायला पाहिजे की मी वसमतच्या एका ज्युनिअर कॉलेजात खेळाचा मास्तर होतो आणि तू माझ्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. गावातून शिकायला आलेला, खोली करून राहणारा, स्वतःच्या हातानं भाकरी थापणारा. शफी माझा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा, वसमतच्या टेलरचा पोरगा. आमच्या मैदानाला गवत नव्हतं, काळी माती होती. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या आणि बॉल भेगेत लागून भलतीकडं उडायचा. तू म्हणायचास, "सर, हितं खेळलेल्या गोलकीला जगात कुठंबी भ्या न्हाई."

आपलं एक भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, गोलकीनं रेषा सोडायची नाही. तू म्हणायचास, पुढं आलं की समोरच्याला गोल बारीक दिसतो. मी ओरडायचो आणि तू मान डोलवून पुन्हा पुढं जायचास. पुढं बसमध्येही आपण यावर वाद घातला. आता कबूल करतो, तुझं बराबर होतं. मला रेषेवर थांबायची सवय होती, एवढंच.

प्रॅक्टिस संपली की बाकीची पोरं सायकली काढायची आणि तुम्ही दोघं थांबायचात. शफी पेनल्टी मारायचा, तू अडवायचास. तू चिडवायचास, "तुझ्या किकपरीस तुझ्या अब्बाची कैची जोरात चालते." तो म्हणायचा, "कैचीसमोर तरी उभा राहून दाखव, गुंड्या पन न्हाई राहनार." आणि मग पुढचा बॉल तो मुद्दाम तुझ्या हातात मारायचा. मी वीस वर्षं पोरांना खेळवलं, पण पेनल्टी हातात मारणारा नऊ नंबर दुसरा बघितला नाही. तेव्हा ते मला गमतीचं वाटायचं.

आता त्या तारखेचं सांगतो. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचा होता. पहिलीत नाव घालताना माय-बाप म्हणायचे, पावसाच्या आधी झालं, नाहीतर ज्वारी काढताना झालं. गुरुजी वय मोजायचे, सालाचा अंदाज करायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. तुझ्या माय-बापाला तुझा दिवस नीट ठाऊक होता, कारण तू औंढ्याच्या जत्रेच्या दिवशी झालास, शिवरात्रीला. पण गुरुजींनी दिवस विचारला नाही आणि सालही पुढचं टाकलं. सव्वा वर्षानं तू कागदावर लहान झालास. यात तुझा काही हात नव्हता. सहा वर्षांचं पोर दाखल्यावर काय लिहिलंय ते वाचतं का?

अकरावीतल्या शिवरात्रीच्या आधी चार-आठ दिवस शफी माझ्याकडं आला. त्याला तुझे जुने हातमोजे पाहिजे होते, फाटलेले, क्रीडा खोलीत पडलेले. मी विचारलं कशाला. तो इकडं तिकडं बघून म्हणाला, "सर, माप पाहिजे. नवे शिवून राहिलो. शिवरात्रीला नामाचा असली वाढदिवस हाय. त्याला बोलू नका." मी म्हटलं, त्याचा तर जूनमध्ये आहे. तो हसला. म्हणाला, "जूनमधी तर सगळ्यांचाच हाय सर. एक तरी दिवस त्याचा एकट्याचा पाहिजे ना." मग त्यानं मला जत्रेचं, सालाचं सगळं सांगितलं. तू त्याला सांगितलं होतंस, आणि त्याला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. मी त्याला माप दिलं. मोजे त्यानं एका जुन्या रेनकोटचे शिवले, आतून टॉवेलचा तुकडा लावला. तुम्ही दोघं सायकलवर औंढ्याला गेलात आणि दुसऱ्या दिवशी तू ते मोजे घालून आलास. काढायला तयार नव्हतास. पाणी प्यायलाही मोज्यांनीच लोटा धरलास.

हे सगळं मला माहीत होतं, नामा. हे लक्षात ठेव.

बारावीला आपण जिल्ह्यात पहिले आलो आणि एकोणीस वर्षांखालच्या विभागाच्या सामन्यांना नांदेडला जायचं ठरलं. पंधरा दिवस राहिले होते. दुपारी प्रॅक्टिसमध्ये तुझी करंगळी उतरली. मी ती बसवून दिली आणि घरी जाऊन गरम हळद घेऊन आलो. येईपर्यंत शफीनं कुठून तरी हळद आणून बांधलीही होती. क्रीडा खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तू जाळ्यांच्या ढिगावर बसला होतास, तो तुझ्यापुढं उकिडवा. त्यानं तुझा बांधलेला हात उचलला आणि त्या पिवळ्या पट्टीवर ओठ टेकवले. तू दुसरा हात त्याच्या केसांत ठेवलास. बस, एवढंच मी बघितलं. वाटी हातात घेऊन मागं सरलो. ती हळद नंतर मी नालीत ओतली.

तू एकोणीस ओलांडलेला, तो अठरा पूर्ण केलेला. तुम्ही कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. आज हे मला सरळ दिसतं.

तेव्हा मला काय झालं ते लिहितो. राग आला नाही. भीती वाटली. हे बाहेर फुटलं तर दोन्हीकडची माणसं काय करतील, एक हिंदूचं पोर, एक मुसलमानाचं, वर आणि हे असं, अशी भीती मी स्वतःला सांगितली. ती खोटी नव्हती. पण तिच्याखाली दुसरी भीती होती आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या टीमची पोरं अशी निघाली तर लोक माझ्याकडं कसं बघतील, खोलीची चावी तर माझ्याकडं असते, ही ती भीती. तुमच्यापेक्षा मला माझी जास्त पडली होती.

मी ठरवलं, बोभाटा न करता यांना वेगळं करायचं. तू कॉलेजातून गेलास, गावी परत गेलास, की आपोआप थंड होईल. मारहाण नाही, बदनामी नाही. मला ते शहाणपणाचं वाटलं. मी एका कोऱ्या कागदावर डाव्या हातानं लिहिलं की अमुक टीमचा गोलकीपर वयानं जास्त आहे, त्याचा जन्म अमुक साली शिवरात्रीचा, त्याच्या ग्रामपंचायतीतली जन्माची नोंद बघावी. खाली नाव नाही. संयोजकांच्या नावाची ती चिठ्ठी, वसमतचा शिक्का पडू नये म्हणून, औंढ्याला जाऊन पेटीत टाकली. तिथून देवळात गेलो. दर्शन घेतलं. त्या दिवशी तिथं उभा राहून मी काय मागितलं असेल, आठवत नाही.

नांदेडला सामन्याच्या सकाळी संयोजकांनी मला टेबलाशी बोलावलं. ग्रामपंचायतीचा उतारा त्यांच्यासमोर होता. तू बाद, टीम बाद. मी हुज्जत घातली. चांगली मोठ्यानं घातली, पोरांना ऐकू जावी अशी. मग परत आलो आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही झाडाखाली पट्ट्या बांधत बसला होतात. तू आधी मोजे काढलेस. मग शफीकडं वळून म्हणालास, "हे फकस्त तुला ठाऊक होतं."

शफी म्हणाला, "मी फकस्त सरांना सांगितलं. तुझ्या मोज्याच्या येळंला. दुसऱ्या कुनाला न्हाई, नामा. कसम."

तू माझ्याकडं बघितलंस. चौदा पोरं बघत होती. तू विचारलंस, "सर, व्हय का?"

माझ्या आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नसेल. मी म्हणालो, "मला कोणी काही सांगितलं नाही."

शफीनं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता हा ओरडेल, मोजे, माप, सगळं काढेल. तो खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. तू मोजे माझ्या हातात दिलेस. "त्याला देऊन टाका सर." परतीच्या गाडीत तू माझ्या शेजारी बसलास आणि वसमत येईपर्यंत तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी हललो नाही. दुसऱ्या दिवसापासून टीममधली पोरं शफीशी बोलेनात. कुणी त्याच्या जातीवरून बोललं, कुणी त्याच्या सायकलची हवा सोडली. मी मास्तर होतो. मी हे थांबवायला पाहिजे होतं. मी नवीन गोलकीपर शोधत होतो.

मोजे मी त्याला दिले नाहीत. ट्रंकेत टाकले.

तू बारावीची परीक्षा दिली नाहीस. गावी गेलास, काही वर्षं जीप चालवलीस, मग एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर लागलास. वसमत, औंढा, हिंगोली. आणि माझं नशीब असं की मला दर आठवड्याला औंढ्याला जावं लागायचं. पहिल्यांदा तू मला बसमध्ये बघितलंस तेव्हा खाली उतरून पाया पडलास, मागं गाड्या हॉर्न मारत असताना. डाव्या बाजूची पुढची सीट तू माझ्यासाठी धरून ठेवायचास. तुमची कंडक्टर बाई म्हणायची, "सर चढले की आमचे डायवरसाहेब शाळंत जातेत. आवाज बारीक, स्टेअरिंगवर हात घड्याळाच्या दहा-दोनवर." माझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबा नाही. तू दर वेळी गाडी थांबवलीस. एकदा एक पॅसेंजर कुरकुरला तर तू आरशात बघून म्हणालास, "ज्यांनी मला उभं राहायला शिकवलं, त्यांना चालवत न्हेऊ व्हय?"

असं तू बोललास की मी खिडकीबाहेर बघायचो.

शफीचं दुकान वळणावर आहे, रस्त्याला लागून. तिथं सगळे ड्रायव्हर हॉर्न मारतात, पलीकडचं दिसत नाही म्हणून. तू मारायचा नाहीस. गाडी अगदी मुंगीच्या पावलानं काढायचास आणि दुकानाकडं मान वळवायचा नाहीस. मी एकदा विचारलं, या वळणावर हॉर्न काहून मारत नाहीस, कधी अंगावर येईल एखादी. गाडी शहराबाहेर पडली, उसाच्या ट्रॉल्या मागं पडल्या, तेव्हा म्हणालास, "तिथं मानूस मशीनवर बसलेला असतो सर. दचकला तर सुई बोटात जायची."

त्या दिवशी मी सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं. औंढ्याच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली, बाई चहाला गेली, आपण दोघंच. मी सुरुवात शोधत होतो आणि तूच बोललास. "सर, शफीनं असं काहून केलं असंल?" मी म्हणालो, पोरं असतात, सोडून दे. तू म्हणालास, "एकदा कबूल केलं असतं तर मी माफ केलं असतं. मी लई वाट बघितली. त्यो म्हनतच न्हाई, मी केलं." मग स्टेअरिंगवर हात फिरवत तू जे बोललास, ते मी जसंच्या तसं देतो. "तुमाला आमचं ठाऊक होतं ना सर? मला तवाच वाटलं व्हतं. पर तुमी कधी बोलला न्हाईत. दुसरा असता तर गाव गोळा केला असता. उपकार हायत तुमचे."

नामा, माणसाला त्याच्या अपराधाबद्दल कुणी असं हात जोडू नये. बाई चहा घेऊन आली, तू माझ्या कपाला फुंकर मारून दिलास, आणि मी तो प्यालो.

त्यानंतर तुला तीन मुली बघितल्या. तिन्ही वेळा तू नकार कळवलास आणि माय माझ्याकडं आली, सर तुमी सांगा. मी सांगितलं नाही, एवढं एक बरं केलं. मायला वाटलं, मी तुझ्या कलानं घेतोय. मला दुसऱ्या कुणाच्या घरात आणखी एक खोटं न्यायचं धैर्य नव्हतं, इतकंच.

दहाव्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली. मोजे कडक झाले होते, आतल्या टॉवेलला अजून पिवळी छटा होती. ते पिशवीत घालून शफीच्या दुकानात गेलो. त्याचे केस पांढरे झालेत. अब्बा गेल्यापासून एकटाच बसतो, शाळेचे गणवेश शिवतो. मी पिशवी मशीनवर ठेवली. त्यानं मोजे काढले, उलटे केले, शिवण बघितली. म्हणाला, "टीप वाकडी आली होती. तवा कुठं धड शिवायला येत होतं."

मी म्हणालो, शफी, ती चिठ्ठी मी लिहिली होती.

"मालूम है सर," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं."

मी विचारलं, मग तू त्याला पुन्हा कधी सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं तो या रस्त्यानं जात होता. शफीनं मोजा हातात घालून बघितला. त्याला मोठा होता, तुझ्या मापाचा. मग म्हणाला, "सांगून काय होनार होतं सर? मी तर त्याच्या हातातून गेलोच होतो. वर तुमी बी गेला असता. दोघातला एक तरी त्याला राहू द्यावा म्हनलं." मोजा काढून ठेवत म्हणाला, "रोज जायचा ना हितून. आवाज न करता. मला कळायचं."

मी त्याला विचारलं, हे सगळं लिहू का, तुझं नाव बदलून. तो म्हणाला, नाव बदलू नका, कुठं तरी त्याच्या शेजारी लिहिलेलं राहू द्या. आणि एक लिहाच, नामा वयानं खोटा नव्हता, त्याचा दिवस शिवरात्रीचा होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही, फक्त कुणी विचारला नाही. मी माफी मागायला हात जोडले तर त्यानं ते धरून खाली केले. "माझ्याकडं नका मागू सर. त्याच्याकडं मागायची होती." एवढं बोलून त्यानं मशीन सुरू केलं, आणि मी पायरी उतरून घरी आलो. वळणावर एक लाल गाडी जोरात हॉर्न मारत गेली.

म्हणून आता तुझ्याकडं. उशीर झालाय, तुझ्या-माझ्यात आता ऐकणारं कुणी नाही, तरी नांदेडच्या त्या झाडाखाली तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि चौदा पोरांसमोर मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. ते दुरुस्त करतो.

"सर, व्हय का?"

व्हय, नामा. व्हय. शफीनं मलाच सांगितलं होतं, तुझ्या वाढदिवसासाठी, जीव लावून. चिठ्ठी मी लिहिली. त्यानं काही केलं नव्हतं. लेकरा, मला माफ कर.